फंडीच्या तळाशी राहिलेलं टर्बाइन : केप शार्प प्रकरण

22 जुलै 2018 रोजी कॅनडाच्या नोव्हा स्कॉशिया प्रांतात, पार्सबरो गावाजवळच्या सामुद्रधुनीत, सुमारे हजार टन वजनाचं आणि 16 मीटर व्यासाचं, भरती-ओहोटीच्या प्रवाहावर वीज बनवणारं, केप शार्प प्रकल्पाचं एक टर्बाइन बार्जवरून समुद्राच्या तळाशी सोडण्यात आलं. दोन दिवसांत ते केबलला जोडलं गेलं. चौथ्या दिवशी, 26 जुलैला, ते बनवणारी आयरिश कंपनी ओपनहायड्रो बंद करण्यासाठी तिच्याच फ्रेंच मालकाने डब्लिनच्या न्यायालयात अर्ज केला. सप्टेंबरात तंत्रज्ञांनी यंत्राशी पुन्हा संपर्क साधला, तेव्हा त्याचं चाक फिरायचं थांबलेलं होतं. आतला एक भाग तुटला होता आणि चाक दुरुस्तीपलीकडे गेलं होतं.

भरती-ओहोटीच्या विजेबद्दल बोलताना हे प्रकरण बहुतेक वेळा 'तंत्रज्ञान फसलं' या एका वाक्यात मिटवतात. मला ते पटत नाही. वीज तयार झाली होती आणि ग्रिडला गेलीही होती. फसला तो व्यवहार. पाण्यात उतरवलेलं यंत्र वर कोण काढणार, कशाने काढणार आणि कोणाच्या पैशाने काढणार, हे उतरवण्याआधी पक्कं झालेलं नव्हतं.

जागा

फंडीचा उपसागर नोव्हा स्कॉशिया आणि न्यू ब्रन्सविक यांच्यामध्ये आहे. त्याच्या आतल्या टोकाला, बर्नटकोट हेडजवळ, भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत 16 मीटरपर्यंत फरक पडतो. जगात सर्वांत मोठ्या भरतीची जागा म्हणून हीच सांगितली जाते. मुंबईला मोठ्या उधाणात हा फरक पाच मीटरच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज यावा.

याचं कारण चंद्र इथे जास्त ओढतो असं नाही. उपसागराची लांबी आणि खोली अशी जुळली आहे की त्यातलं पाणी एकदा आत-बाहेर हेलकावायला साधारण 13 तास लागतात, आणि चंद्राची भरती दर 12 तास 25 मिनिटांनी येते. झोपाळ्याला त्याच्याच लयीत धक्का मिळत राहावा, तशी इथली प्रत्येक भरती आधीच्या हेलकाव्यात भर घालते.

हे सगळं पाणी मिनास खोऱ्यात, म्हणजे उपसागराच्या या आतल्या टोकात, शिरतं ते मिनास पॅसेज नावाच्या, पार्सबरोजवळच्या जेमतेम पाच किलोमीटर रुंदीच्या सामुद्रधुनीच्या वाटेने. भर प्रवाहाच्या वेळी तिथून सेकंदाला सुमारे दहा लाख घनमीटर पाणी वाहतं आणि काही ठिकाणी वेग सेकंदाला पाच मीटरच्या वर जातो. अकेडिया विद्यापीठाच्या रिचर्ड कार्स्टन आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये गणित मांडलं : या एका वाटेतून सैद्धांतिकदृष्ट्या जास्तीत जास्त 7,000 मेगावॅटच्या आसपास शक्ती काढता येईल, पण मिनास खोऱ्यातल्या भरतीत पाच टक्क्यांहून जास्त बदल नको असेल तर 2,500 मेगावॅटवर थांबावं लागेल. तरीही आकडा मोठाच आहे, आणि तो वाचून गुंतवणूकदार फंडीकडे वळले यात नवल नाही.

शिवाय ही वीज वेळापत्रक पाळणारी. वारा कधी पडेल सांगता येत नाही. भरती-ओहोटीची वेळ मात्र पुढच्या शंभर वर्षांची आजच मांडता येते. उधाणाला जास्त, भांगाला, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, कमी आणि पाणी वळताना थोडा वेळ शून्य, एवढा चढउतार धरून चालायचं.

या प्रांताला भरतीची वीज नवी नव्हती. अॅनापोलिस रॉयल इथे 1984 पासून 20 मेगावॅटचं केंद्र होतं. पण ते बंधारा बांधून, पाणी अडवून चालणारं. माशांचा त्यात जीव जाई आणि 2004 मध्ये एक हंपबॅक देवमासा दारातून आत शिरून नदीत अडकला होता. 2019 च्या सुरुवातीला ते बंद पडलं ते पडलंच. बंधारा नको, वाहत्या पाण्यात यंत्र ठेवू, हा विचार अशा अनुभवांतूनच बळावला. त्यासाठी पार्सबरोजवळ 2009 मध्ये 'फोर्स' ही चाचणी-संस्था उभी राहिली : फंडी ओशन रिसर्च सेंटर फॉर एनर्जी. कंपन्यांनी आपलं यंत्र घेऊन यावं, तळावरची जागा, केबल आणि ग्रिडची जोडणी आम्ही देतो, अशी तिची योजना. पुढे चार सागरी केबल टाकल्या गेल्या, एकूण 64 मेगावॅट वाहून नेतील अशा.

पहिला फटका

2018 चं टर्बाइन हा ओपनहायड्रोचा इथला पहिला प्रयत्न नव्हता. नोव्हेंबर 2009 मध्ये तिने नोव्हा स्कॉशिया पॉवर या वीज कंपनीबरोबर 10 मीटर व्यासाचं, एक मेगावॅटचं यंत्र इथेच उतरवलं होतं. काही दिवसांतच त्याचा संपर्क तुटला. पुढच्या वर्षी कॅमेऱ्यात दोन पाती गायब दिसली. डिसेंबर 2010 मध्ये यंत्र वर काढलं तेव्हा बाराही पाती मोडलेली होती. बसवल्यापासून वीसेक दिवसांतच हे घडून गेलं होतं असं नंतर समजलं.

प्रवाहाची ताकद यंत्र ज्यासाठी बनवलं त्याच्या सुमारे अडीच पट निघाली, असं स्पष्टीकरण आलं. अडीच पट ऐकून वाटतं की मोजणाऱ्यांनी काहीतरी भलतंच मोजलं असणार. पण वाहत्या पाण्यातली शक्ती वेगाच्या घनाने वाढते. वेगाचा अंदाज 36 टक्के चुकला की शक्ती अडीच पट होते. प्रत्यक्ष आकड्यांत : सेकंदाला अडीच मीटर वेगाच्या प्रवाहात दर चौरस मीटरमागे सुमारे 8 किलोवॅट शक्ती असते; चार मीटरला तीच 33 किलोवॅटच्या आसपास जाते. भर वाऱ्यात, सेकंदाला 12 मीटर वेगाला, पवनचक्कीच्या वाट्याला दर चौरस मीटर जेमतेम एक किलोवॅट येतो. पाणी हवेच्या आठशे पटींहून जड असल्याचा हा परिणाम. ज्या गुणामुळे फंडी हवीशी वाटते, त्याच गुणामुळे तिथे पाती मोडतात.

एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवण्यासारखी. 2009 चं यंत्र मोडलं, पण वर आलं. कंपनी शाबूत होती, भागीदार वीज कंपनी शाबूत होती, काढण्याचा खर्च करणारं कोणीतरी होतं. नऊ वर्षांनी नेमकं तेच नव्हतं.

यंत्राची घडण

ओपनहायड्रोचं टर्बाइन दिसायला वेगळं. मधोमध दांडा नाही, मध्यभाग पूर्ण मोकळा. पाती एका मोठ्या कड्यात बसवलेली, त्या कड्याच्या बाहेरच्या काठावर चुंबक आणि त्याभोवती स्थिर कड्यात तारांची गुंडाळी. म्हणजे चाक हेच जनित्र. गिअरबॉक्स नाही, पात्यांचा कोन बदलायची यंत्रणा नाही, वळवायची यंत्रणा नाही. पाणी पुढून आलं काय, मागून आलं काय, चाक फिरतं. मध्यभाग मोकळा असल्याने मासे सुटून जातील, असंही सांगितलं जाई. बैठक म्हणजे पोलादाचा तिकोनी सांगाडा. तळात खोदकाम काही नाही, नुसत्या वजनावर ठाम बसायचं.

कागदावर ही घडण मला फार आवडते. पाण्याखाली बिघडायला जितकं कमी, तितकं बरं. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर 2006 पासून छोट्या यंत्रांवर तिची चाचणीही झालेली होती.

पण या साधेपणाची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. चाक, जनित्र आणि बैठक हा एकच अखंड डोलारा. आत लहानसा भाग बिघडला तरी सगळे हजार टन वर काढायचे. ते काम साध्या क्रेनचं नाही. त्यासाठी 'स्कोशिया टाइड' नावाची खास बार्ज नोव्हा स्कॉशियातच बांधून घेतली होती. पुन्हा, मिनास पॅसेजमध्ये काम करायला मिळतो तो वेळ पाणी वळतानाचाच, तोही भांगाच्या दिवसांत त्यातल्या त्यात बरा. गाळामुळे पाणी गढूळ, पाणबुडे उतरवणं जवळपास अशक्य. एक यंत्र, एकच बार्ज आणि महिन्यातले मोजके तास, इतक्या बारीक धाग्यावर सगळी देखभाल लटकत होती.

न्यायालय, मग वीज

प्रकल्पाचं नाव केप शार्प टायडल. ओपनहायड्रो आणि एमेरा यांची ती भागीदारी. एमेरा ही नोव्हा स्कॉशिया पॉवरची मालक कंपनी, पण या भागीदारीत तिचा वाटा लहान. ओपनहायड्रोचा बहुसंख्य हिस्सा 2013 पासून फ्रान्सच्या युद्धनौका बांधणाऱ्या डीसीएनएसकडे होता. तिच्या ऊर्जा-शाखेचं नाव पुढे नेव्हल एनर्जीज झालं. प्रांताने पहिल्या विजेला युनिटमागे 53 कॅनेडियन सेंटपर्यंत दर देऊ केला होता. तो चाचणीच्या यंत्रांसाठीचा दर होता, त्यावर कायमचा धंदा उभा राहील असं कुणी मानलं नसावं.

यंत्र 2016 च्या उन्हाळ्यात उतरायचं होतं. ते नोव्हेंबरवर गेलं, कारण मच्छीमार न्यायालयात गेले. फंडी उपसागरातला लॉब्स्टरचा धंदा मोठा आहे, आणि छोट्या होड्यांच्या मच्छीमारांच्या संघटनेचं म्हणणं सरळ होतं : यंत्र टाकण्याआधी इथे किती आणि कोणते मासे आहेत याची पुरेशी नोंदच नाही, मग नुकसान झालं की नाही हे नंतर कशाशी ताडून ठरवणार? 'आधी उतरवू, निरीक्षण करू, गरज पडेल तसं बदलू' हे सरकारचं धोरण होतं. 2017 मध्ये न्यायालयाने सरकारची मंजुरी कायम ठेवली.

कायद्याने मच्छीमार हरले. तरी त्यांचा प्रश्न वाजवीच होता, आणि पुढच्या वर्षी तो ज्या रीतीने उलटून आला ते पाहता जास्तच वाजवी ठरला.

7 नोव्हेंबर 2016 रोजी दोन मेगावॅटचं पहिलं टर्बाइन तळाशी बसलं आणि त्याच महिन्यात ग्रिडला जोडलं गेलं. वाहत्या भरतीच्या पाण्यातून कॅनडाच्या ग्रिडला गेलेली ही पहिली वीज. एप्रिल 2017 मध्ये सुधारणांसाठी त्याची केबल सोडवली. यंत्र वर यायला मात्र जूनचा मध्य उजाडला. मालक जागेवर, बार्ज हाताशी, पैसे आहेत, घाई आहे, अशा वेळीसुद्धा ठरवल्यापासून वर येईपर्यंत जवळपास दोन महिने गेले. हा आकडा तेव्हाच कुणीतरी लाल शाईने लिहून ठेवायला हवा होता.

जुलै 2018

यंत्र दुरुस्त होऊन 22 जुलैला पुन्हा उतरलं. जेमतेम सहा आठवड्यांपूर्वी, जूनमध्ये, नेव्हल एनर्जीजने फ्रान्समध्ये शेरबूरला अशी टर्बाइनं जोडण्याचा नवा कारखाना सुरू केला होता. त्यामुळे 26 जुलैची घोषणा स्थानिक भागीदाराला आणि पार्सबरोच्या लोकांनाही अवचित आली : भरतीच्या विजेतून आम्ही बाहेर पडत आहोत, ओपनहायड्रोला यापुढे पैसा देणार नाही. 2013 पासून या तंत्रज्ञानात 25 कोटी युरो घातल्याचं कंपनीने सांगितलं. बाजार उभा राहत नाही, वीज महाग पडते, सरकारांचा आधार नाही, ही कारणं. आयर्लंडमधल्या ग्रीनोरच्या कार्यशाळेसह शंभरेक लोकांच्या नोकऱ्या गेल्या. कंपनीवरचं कर्ज 28 कोटी युरोच्या घरात होतं आणि त्यातलं बरंचसं तिच्या मालकाचंच होतं.

गुंतवणूकदाराने हात काढून घेणं समजू शकतं. पण यंत्र तळाशी बसल्यावर चार दिवसांनी ते करणं आणि चार दिवस आधी करणं, यांत कंपनीला फारसा फरक पडला नसता. नोव्हा स्कॉशियाला मात्र हजार टनांचा फरक पडला.

टर्बाइन सुरक्षेसाठी ग्रिडपासून तोडण्यात आलं. वीज नाही म्हणजे त्यावरची निरीक्षण यंत्रणाही बंद. माशांच्या हालचाली टिपणारे सोनार आणि आवाज ऐकणारे हायड्रोफोन त्याच यंत्रावर बसवलेले होते. चाक मात्र प्रवाहात फिरतच होतं. 'निरीक्षण करू आणि गरज पडेल तसं बदलू' या अटीवर न्यायालयात टिकलेली मंजुरी, आणि आता निरीक्षण शून्य, बदल करणारा कोणी नाही. मच्छीमार संतापले नसते तरच आश्चर्य. फोर्सने आजूबाजूला वेगळे हायड्रोफोन सोडून काही नोंदी घेतल्या, पण ती तात्पुरती सोय होती.

ऑगस्टमध्ये एमेरानेही अंग काढून घेतलं. बार्जवर पैसे थकलेल्या ठेकेदारांनी न्यायालयातून टाच आणली, म्हणजे यंत्र उचलू शकणारं एकमेव साधन त्याच वादात अडकलं. 2019 मध्ये प्रांताने केप शार्पची परवानगी रद्द केली. परवानगी रद्द करणं हे सरकारच्या हातातलं सर्वांत कडक हत्यार. पण ज्या कंपनीत कोणी उरलंच नाही, तिला त्याचं काय?

2020 मध्ये तीच जागा बिगमून पॉवर या कंपनीला देताना सरकारने अट घातली : जुनं टर्बाइन तुम्ही काढायचं, आणि त्यासाठी 45 लाख डॉलरची हमी ठेवायची. मुदत 2024 अखेरपर्यंतची होती. म्हणजे एका कंपनीचा कचरा दुसऱ्या कंपनीच्या प्रवेश-फीमध्ये बसवला. सरकारी तिजोरीच्या दृष्टीने युक्ती चांगली. पण नवख्या कंपनीला वीज बनवण्याआधीच हजार टन उपसायला लावणारी.

दुसऱ्या वाटा

याच काळात स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला, मुख्य भूमी आणि स्ट्रोमा बेट यांच्यामधल्या सामुद्रधुनीत, मेजेन प्रकल्प चालू होता. तिथे प्रत्येकी दीड मेगावॅटची चार टर्बाइनं. 2018 च्या एप्रिलपासून पूर्णपणे सुरू. तिथेही बैठक वजनावरच बसते. फरक असा की बैठक तळाशी कायम राहते आणि पाती-जनित्राचा वरचा भाग तेवढा सुटा उचलता येतो, पाणी वळण्याच्या एका खेपेत. मेजेनची यंत्रंही बिघडली, किनाऱ्यावर नेली, दुरुस्त होऊन परत बसली. 2023 पर्यंत तिथून 50 गिगावॅट-तास वीज गेली होती. 2025 मध्ये तिथलं एक टर्बाइन सहा वर्षांहून अधिक काळ अनपेक्षित दुरुस्तीशिवाय फिरल्याचं जाहीर झालं.

ऑर्कनीतल्या ऑर्बिटल कंपनीने आणखी वेगळा मार्ग घेतला : 74 मीटर लांबीचं तरंगतं यंत्र, दोन मेगावॅटचं, पाती पाण्याखाली पण दुरुस्तीला पृष्ठभागावर. दोन्हीकडे यंत्र वर कसं येईल याचा विचार घडणीतच होता. ओपनहायड्रोने बिघाडच होऊ नये अशी घडण केली. बिघाड होणारच, असं धरून इतरांनी केली. फंडीत दुसरं गृहीतक खरं ठरलं.

पैशाचंही असंच. ब्रिटनने नोव्हेंबर 2021 मध्ये भरतीच्या विजेसाठी लिलावात वर्षाला दोन कोटी पौंड वेगळे राखून ठेवले, आणि 2022 मध्ये मेजेनला पुढच्या 28 मेगावॅटसाठी मेगावॅट-तासाला 178.54 पौंडांचा करार मिळाला. नेव्हल एनर्जीज तीन वर्षं थांबली असती तर, हा विचार मनात येतो खरा; पण वर्षामागून वर्ष तोटा सोसणाऱ्या कंपनीला असा सल्ला घरी बसून देणं सोपं आहे.

फंडीत सगळा दोष कंपन्यांचाच, असंही नाही. सस्टेनेबल मरीनने तरंगतं 420 किलोवॅटचं यंत्र फंडीच्या तोंडाजवळच्या ग्रँड पॅसेज या वाटेत चालवून 2022 मध्ये ग्रिडला वीज दिली. मिनास पॅसेजमध्ये जाण्यासाठी मात्र केंद्राच्या मत्स्य खात्याची मंजुरी मिळेना. माशांना इजा होणार नाही हे आधी सिद्ध करा, असा खात्याचा आग्रह. यंत्र लावल्याशिवाय ते सिद्ध करायचं कसं, असा कंपनीचा सवाल. 2023 मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला. केप शार्पच्या वेळी निरीक्षणाविना फिरत राहिलेल्या चाकाने खात्याला जी भीती घातली, तिची किंमत या दुसऱ्याच कंपनीने मोजली, असं मला वाटतं. त्यानंतर केंद्र आणि प्रांताने मिळून एक कार्यगट नेमला आणि 2024 च्या सुरुवातीला टप्प्याटप्प्याने परवानगी द्यायची पद्धत सुचवली गेली : थोडी यंत्रं, त्यांच्या नोंदी, मग पुढची.

भारतापुरतं थोडं. खंबायतच्या आखातात पाण्याचा फरक 11 मीटरपर्यंत जातो, आणि तिथली क्षमता 7,000 मेगावॅट, कच्छची 1,200 मेगावॅट असे अंदाज सरकारी कागदांत बरीच वर्षं आहेत. 2011 मध्ये गुजरातने कच्छच्या आखातात 50 मेगावॅटचा प्रकल्प जाहीर केला होता. तो उभा राहिला नाही. सुंदरबनातला दुर्गादुआनीचा 3.75 मेगावॅटचा प्रकल्पही खर्चामुळे सोडून दिला गेला. कोकण किनाऱ्यावर फरकच कमी, त्यामुळे आपल्या खाड्यांत असं काही लगेच येण्याची शक्यता नाही. खंबायतमध्ये मात्र कधी ना कधी निविदा निघेल. तिथलं पाणी फंडीसारखंच गाळाने भरलेलं, पाण्याखाली काही दिसत नाही असं. त्या निविदेत युनिटचा दर किती, हे सगळे वाचतील. मी आधी पाहीन की यंत्र काढण्याच्या खर्चाची बँक हमी कोणत्या दिवशी जमा करायची आहे : यंत्र उतरवण्याआधी की नंतर, आणि ती हमी यंत्र उतरवणाऱ्या छोट्या भागीदारी कंपनीच्या नावावर आहे की तिच्या मालकाच्या.